दुसरा वक्ता

कायदा शिकणाऱ्या लेकीला बाबांनी सकाळी बजावलं, ‘वकिली किंवा तो बोलका बाहुला, एकच ठेव; दुसरं माळ्यावर जाईल.’ दुपारी अभिरूप न्यायालयाच्या, म्हणजे मूट कोर्ट स्पर्धेच्या, अंतिम फेरीआधी तिची जोडीदारीण तापाने फणफणली. नियमाप्रमाणे वक्ते दोन हवेत, नाहीतर संघ बाद. तिने शांतपणे पिशवीतून काळा कोट घातलेला बाहुला काढून शेजारी बसवला. ‘हरकत आहे,’ प्रतिपक्ष ताडकन उठला. ‘हा लाकडाचा आहे.’ ‘वक्ता जिवंतच हवा, असं कुठे लिहिलंय?’ तिने विचारलं. परीक्षकांनी नियमावली दोनदा चाळली. ‘नाही लिहिलेलं,’ ते खिन्नपणे म्हणाले आणि अवघड प्रश्न बाहुल्यालाच विचारला. तिचे ओठ हलले नाहीत. बाहुल्याने चार निवाडे घडाघडा सांगितले. संध्याकाळी तिने घरी फोन लावला. ‘बाबा, वक्त्यांत दुसरी आले.’ ‘पहिला कोण?’ ‘माळ्यावर जाणार होता, तो.’ बाबांनी घसा खाकरला. ‘दोघंही जेवायला या.’