कैरोची अजान

माझे सासरे हाजी बयूमी यंदा रमजानच्या तोंडावर कैरो सोडून आमच्याकडे अलेक्झांड्रियाला राहायला आले आणि आल्या आल्या त्यांनी घरात मालिकांवर बंदी घातली. "टीव्हीनं रोजा बिघडतो," म्हणाले.

टीव्ही लागायचा तो फक्त संध्याकाळी, कैरोच्या चॅनेलवरची अजान ऐकायला. ती झाली की ते खजूर तोंडात टाकायचे, सरबताचा पेला रिकामा करायचे, आणि मग कुठे आमच्या गल्लीतल्या मशिदीची अजान व्हायची.

"आळशी लेकाचे! कैरोवाले बघा, कसे वेळेवर!" हे रोजचं. मी एकदा मध्ये बोलायला गेले, तर म्हणाले, "तू मला रोजा शिकवणार?"

मग काय, सासूबाई आणि मी स्वयंपाकघरात कतायेफच्या गोड करंज्या तळत बसायचो, म्हणजे फोनवर चोरून मालिका बघत बसायचो. मशिदीची अजान झाली की पाणी प्यायचो.

शेवटच्या आठवड्यात सासरे थेट इमामसाहेबांना जाब विचारायला गेले.

इमामसाहेब म्हणाले, "हाजी, कैरो पूर्वेला. तिथं सूर्य आपल्या आधी मावळतो. तुम्ही तिथल्या सूर्यावर इथला रोजा सोडत होतात की काय?"

सासरे तोंड पाडून घरी आले. आता सगळे रोजे पुन्हा धरायचे.

सासूबाई मालिकेतून मान वर न करता म्हणाल्या,



"तुमचंच खरं हो, हाजी. टीव्हीनं रोजा बिघडतो."