नकाशात नसलेली वायर

"ही वायर जाते तरी कुठे?" नकाशेवालीने पुन्हा विचारलं.

"वर," घोरपड शिडीवरून म्हणाला. "छतात शिरते आणि गायब होते. शेंडा ना बुडखा."

इस्पितळाच्या तळघरातल्या सर्व्हर खोलीत दोघं सकाळपासून घाम गाळत होती. घोरपड हे नाव त्याला ऑफिसनेच बहाल केलेलं. वायर ओढायला भिंतीला चिकटला की गडी काही केल्या सुटत नसे. आणि ती जोडण्यांचे आराखडे काढायची, म्हणून नकाशेवाली. रुग्णांच्या सगळ्या फायली आजवर एकाच म्हाताऱ्या यंत्रावर होत्या. आता त्या चार यंत्रांनी मिळून सांभाळायच्या, एक बंद पडलं तर बाकीच्यांनी निभावून न्यायचं. त्यासाठी दोन वेगळी नेटवर्क हवी होती. एक वॉर्डांसाठी, दुसरं यंत्रांना आपापसात बोलायला. जुन्या स्विचवरच्या प्रत्येक वायरीला नव्या नकाशात जागा द्यायची, नाहीतर ती उपटून टाकायची.

सगळ्या वायरींचे धनी सापडले. ही एकच बेवारस निघाली, आणि तिचा दिवा मात्र मजेत लुकलुकत होता.

ती काय उद्योग करते ते नकाशेवालीने पडद्यावर पाहिलं. वायर एका वेळी एकच फाइल उघडायची आणि दिवसभर सावकाश वाचत बसायची. शेवटपर्यंत पोचली, की दुसऱ्या दिवशी ती फाइल 'चालू' कप्प्यातून 'बंद' कप्प्यात गेलेली असायची. तिने मागचं सगळं तपासलं. दरवेळी हेच, आणि दरवेळी खाट गंभीर रुग्णांच्या वॉर्डातली. फाइलच्या आत डोकावायची तिला परवानगी नव्हती. बाहेरून खाट आणि कप्पा एवढंच दिसायचं. तेवढ्यानेही तिच्या अंगावर काटा आला.

"योगायोग असेल," घोरपड म्हणाला. तरी वर जाऊन बघून आला, आणि आला तो चेहरा पाडूनच. "कालच्या फाइलची खाट रिकामी आहे. गादी उन्हात टाकलीय."

"कोण होतं, विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? त्या वॉर्डातून माणसं कुठे जातात, माहीत नाही का तुला?"

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. नकाशेवालीची आई त्याच वॉर्डात होती. आता वाट पाहायची, एवढंच डॉक्टर सांगत होते. खाटेशेजारी बसायची मुभा फक्त संध्याकाळी, म्हणून दिवसभर ती तळघरात स्वतःला कामाला जुंपून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पडदा उघडला. वायरीने आईच्या खाटेची फाइल उघडली होती. निम्मीअधिक वाचून झाली होती.

"काढ ती वायर!"

"अगं, साहेबांना विचारून..."

"साहेब गेले खड्ड्यात. आत्ताच्या आत्ता काढ!"

घोरपडीने वायर उपटली. दिवा विझला, वाचन जागच्या जागी थांबलं. मग त्याने छतातला उरलेला भाग ओढायला घेतला. एवढी लांब वायर, पण जराही न अडकता भराभर खाली आली, पलीकडून कुणी सोडून दिल्यासारखी. दुसरं टोक हातात आलं तेव्हा दोघंही बघतच राहिली. त्याला प्लग नव्हता, कापल्याची खूणही नव्हती. बोटाच्या टोकासारखं गोल, गुळगुळीत आणि कोमट.

"मला नाही हे बघवत," म्हणत घोरपडीने पक्कड घेऊन तिचे तुकडे तुकडे केले आणि ते भंगाराच्या गाडीत टाकून आला. नकाशेवालीने नव्या नकाशात ती जागा कोरी सोडली. तिचा जीव भांड्यात पडला होता. आयुष्यात पहिल्यांदा आपलं काम आईच्या उपयोगी पडलं, असं तिला वाटलं.

संध्याकाळी ती वर गेली तेव्हा सिस्टर सलाईन बदलत होत्या. आईचे डोळे चक्क उघडे होते.

"आलीस?" आई पुटपुटली. "अगं, सकाळपासून कुणीतरी माझा हात धरून बसलं होतं. दुपारी मध्येच सोडून गेलं."

"गेलं ना? आता नाही यायचं ते." नकाशेवालीने तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. तिला रडू आवरेना. "मी आहे ना तुझ्याजवळ."

आईने डोळे मिटले. सिस्टर काम सोडून तिच्याकडे पाहत होत्या.

"मध्येच सोडून गेलं म्हणाल्या?"

"भास असेल हो, सिस्टर. इथे होत असतील सगळ्यांना."

"सगळ्यांना कुठले! पण काही जणांना झाला खरा. त्या खिडकीजवळच्या आजोबांना, त्यांच्या आधीच्या बाईंना. फक्त त्यांचा हात संध्याकाळपर्यंत कुणी सोडला नव्हता."

नकाशेवालीने मान वर करून विचारलं, "आणि मग?"

"मग काय, ताई," सिस्टर कौतुकाने हसल्या, "डॉक्टरांनी आशा सोडली होती, आणि दुसऱ्या दिवशी एकेक जण आपल्या पायांनी चालत घरी गेला."