खिडकीतली मेणबत्ती

"हलते ती चांदणी नव्हे रे, ते विमान. चांदणी जागची हलत नाही."

वडिलांचा तो जुना आवाज लेशेकला बर्फाळ फुटपाथवरच ऐकू आला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसल्याशिवाय पोलिश घरात कुणी घास घेत नाही. लहानपणी चांदणी शोधायला त्यालाच खिडकीशी उभं करायचे. शिकागोच्या या गल्लीत विमानं घरांच्या डोक्यावरूनच उतरायची, आणि भुकेलं पोर दर दिव्याला "दिसली, दिसली!" म्हणून नाचायचं. त्याच खिडकीत त्याला विमानांचं वेड लागलं. पुढं तो विमानतळाच्या मनोऱ्यात बसून विमानं उतरवू लागला, तेव्हा त्याचे वडील ब्रोनिस्वाव गल्लीभर सांगत सुटले होते, "माझा लेशेक चांदण्या खाली आणतो."

एक्क्याऐंशीच्या ऑगस्टपर्यंत.

ऑगस्टात मनोऱ्यातल्या लोकांनी संप केला. सरकारी नोकर ते, संप करणार नाही अशी शपथ घेतलेले. अमेरिकेच्या अध्यक्षांनी दोन दिवसांची मुदत दिली आणि मग हजारोंना एका फटक्यात घरी बसवलं. त्याच अध्यक्षांना मत द्यायला बाप-लेक एका रांगेत उभे होते. ब्रोनिस्वाव फोनवर एवढंच म्हणाले, "शपथ मोडणाऱ्याला माझ्या टेबलाशी जागा नाही." तेव्हापासून लेशेक टायरच्या दुकानात राबत होता. आईवडिलांच्या या घराची पायरी तो चढला नव्हता. आज आईनं फोनवर रडून बोलावलं म्हणून आला.

आणि समोर खिडकीत मेणबत्ती जळत होती.

काल रात्रीच अध्यक्ष टीव्हीवर बोलले होते. पोलंडच्या लष्करानं कामगारांची संघटना चिरडली, संपकऱ्यांना तुरुंगात टाकलं. त्यांच्यासाठी प्रत्येक घरानं खिडकीत एक मेणबत्ती लावावी. आज सगळी गल्ली लुकलुकत होती. या खिडकीपाशी मात्र लेशेकचा पाय अडला. तो माघारी वळणार, तेवढ्यात आईनं दार उघडलं.

"या, साहेब," वडील जागचे न उठता म्हणाले. "उतरायची परवानगी मिळाली का?"

"घिरट्या घालून इंधन संपलं, बाबा."

आई हसली आणि तिनं बाहीनंच डोळे पुसले. टेबलावर बीटचं सार, तळलेला मासा, खसखशीच्या शेवया. ताटं तीनच. आईचं, वडिलांचं, आणि वाट चुकलेल्या पाहुण्यासाठी दरवर्षी मांडून ठेवतात ते. लेशेक उभाच राहिला.

"अध्यक्षांनी सांगितलं, आणि लावलीत लगेच?" त्यानं खिडकीकडे मान वळवून विचारलं.

वडिलांनी टेबलावरचा चमचा सरळ केला.

"झेनेकसाठी ना?" झेनेक त्याचा आतेभाऊ. पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या गोदीत संप केला म्हणून याच महिन्यात पकडून नेलेला.

"झेनेक वाघ आहे," वडील म्हणाले.

"आणि मी?"

"तू शपथ घेतली होतीस."

"वा! तिकडे उठला तो वाघ. इकडे उठला तो..."

आई मध्ये पडली. "अरे, ती मेणबत्ती तुझे बाबा..."

"यादविगा, सार उतू जातंय बघ."

सार केव्हाच टेबलावर आलेलं होतं. आई खाली बसली.

"चांदणी बघ," वडील म्हणाले. कुणाला, ते म्हणाले नाहीत.

लेशेक सवयीनं खिडकीशी गेला. आभाळ गच्च भरलेलं. मेणबत्तीखालच्या फळीवर मेणाचे थरावर थर साचले होते, तळचे पार पिवळे पडलेले. पडद्याची कड करपली होती. इतका गबाळेपणा बाबांना कधी खपायचा नाही, त्याच्या मनात आलं. इतक्यात ढगांतून एक दिवा खाली सरकू लागला. आता मनोऱ्यात बसलेल्या कुणा परक्याच्या आवाजावर ते विमान उतरत होतं. चाकं टेकली असतील एवढा वेळ लेशेकनं श्वास धरला.

मागं पावलं वाजली. वडील शेजारी येऊन उभे राहिले. हातात ती पांढरी, पातळ पापडी होती. जेवणाआधी ती प्रत्येकानं प्रत्येकाबरोबर मोडायची असते, आणि ती हातात असताना खोटं बोलायचं नसतं.

"चांदणी नाही, बाबा. विमान होतं."

"माहीत आहे." वडील म्हणाले. "शपथ मोडलीस, ते मला आजही पटत नाही."

"माहीत आहे."

वडिलांनी पापडी पुढं केली. लेशेकनं कोपरा मोडला.

"यादविगा," वडील मागं न बघता म्हणाले, "याचं ताट आण. ते पाहुण्याचं आहे."

कपाटाचं दार वाजलं. ब्रोनिस्वाव ज्योतीकडे बघत राहिले.

"अध्यक्षांनी काल सांगितलं रे, लेशेक. मी ऑगस्टपासून लावतोय."