आगाऊ नोंदणी

“मिळाली!” बंद दाराच्या आतून शिगेकी म्हणाला. “मामासकट तिघांचीही तिकिटं मिळाली, आई.”

बाहेर वाट्या किणकिणल्या. त्याच्या आईनं, हिसाएनं, जेवणाचा ट्रे दारापाशी ठेवला.

“म्हणजे पार्कला जायच्या दिवशी तू बाहेर येणार?”

“येणार.”

तिची पावलं जिन्यानं खाली गेली.

शिगेकीनं तिशी ओलांडली होती. पहिल्याच नोकरीत साहेबानं सगळ्यांसमोर त्याला उभं करून झापलं. त्या संध्याकाळी घरी येऊन त्यानं खोलीचं दार लावून घेतलं ते लावलंच. वर्षं गेली. आई झोपली की तो अंघोळीपुरता खाली यायचा. वडील वारले तेव्हा कडीवर हात ठेवून तो आत उभा होता. त्यांना घेऊन गाडी निघून गेली, तरी हात कडीवरच होता.

पार्कचा विषय वसंतात आईनंच काढला. “लहानपणी तुझं ते समुद्राकाठचं पार्क राहूनच गेलं बघ. जाऊ या का?”

तेव्हा वडील त्याला न ठरवता, असेच उठून घेऊन गेले होते. तिकिटं संपली होती. फाटकाबाहेरून होडीची राइड पाहून दोघं भिजत परतले होते.

या वेळी तसं होऊ द्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं. आणि तिथं नुसतं उठून जाणं चालतच नाही, हे त्याला कळत गेलं. हॉटेलच्या खोल्या कित्येक महिने आधीच संपतात. तिकिटं सकाळी ठरल्या वेळी सुटतात आणि बघता बघता जातात. आत शिरल्यावर पुन्हा फोनवर प्रत्येक राइडची वेळ मिळवायची. शाळांच्या सुट्ट्या टाळायच्या, वादळाचे आठवडे टाळायचे. आईचे गुडघे दुखतात म्हणून पार्कमधली मिरवणूक बसून कुठून दिसते, तेही त्यानं हुडकून काढलं. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच त्याला सकाळी उठावंसं वाटत होतं.

“जेवायला दुपारच्या आधीच जायचं,” तो दाराआडून सांगायचा. “नाहीतर रांगेत जीव जाईल. कळलं?”

“कळलं हो, साहेब.”

तो हसला. ती हसली की नाही, ते त्याला ऐकू आलं नाही.

“मामाला गाडी आणायला सांगितलीय,” एकदा ती म्हणाली. “ट्रेनची गर्दी तुला झेपायची नाही.”

त्याला हायसं वाटलं. आपल्याला सुचलं नाही ते आईनं बरोबर हेरलं.

“आणि गरम कपडे जास्त घे. गारठा असतो म्हणे तिथं.”

“अगं, समुद्राकाठी वारा असतो. गारठा कसला?”

“असू दे. घे तू.”

जायच्या दिवशी सकाळी लवकर त्यानं दार उघडलं. आई एवढीशी झाली होती. त्यानं आरशात बघून स्वतःच केस कापले होते. तिनं त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि तिला रडू फुटलं.

“मागून उंदरांनी कुरतडल्यासारखं केलंयस रे.”

“टोपी घालतो ना.”

मामानं गाडीचं दार उघडलं. “या महाराज,” तो म्हणाला, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

उजेड डोळ्यांना टोचत होता. शिगेकीनं टोपी पुढे ओढली. आईनं उमेबोशी, ते खारवलेलं आंबट फळ, घालून केलेले भाताचे गोळे त्यानं खाल्ले आणि तो बोलत सुटला. आधी होडीकडे जायचं, मग पलीकडच्या किल्ल्याकडे, पाऊस आला तर काय करायचं. मध्येच तो थांबला.

“आई, परत आल्यावर मी दार लावणार नाही.”

गाडीचा वेग एकदम कमी झाला. “ताई,” मामा म्हणाला.

“चल तू,” हिसाए खिडकीबाहेर बघत म्हणाली. शिगेकीचा हात तिनं घट्ट धरला होता.

आदली रात्र त्यानं जागून काढली होती. गाडीतच त्याचा डोळा लागला.

गाडी थांबली तेव्हा तो जागा झाला. समुद्र कुठेच नव्हता. चारी बाजूंना देवदारासारख्या सुगी वृक्षांनी काळोखलेले डोंगर होते आणि समोर एक उंच लोखंडी फाटक. दोन धिप्पाड माणसं आली. दोघांनी दोन्हीकडची दारं उघडली.

“शिगेकीसान ना? या. घाबरू नका.”

तो आईकडे वळला. ती मान खाली घालून बसली होती. तिनं त्याचा हात सोडला नाही, म्हणून एकानं तिची बोटं हळूच, एकेक करून सोडवली.

“काहीतरी चूक होतेय,” शिगेकी म्हणाला. “आमचं बुकिंग पार्कचं आहे. तिघांचं.”

“हे तुमच्या एकट्याचं आहे,” तो माणूस अदबीनं म्हणाला. “वर्षानुवर्षं खोलीबाहेर न पडणाऱ्यांसाठीच आहे ही जागा. इथंही नंबर लागायला फार थांबावं लागतं. तुमच्या आईंनी गेल्या वर्षीच नाव नोंदवलं होतं.”