छपराला कोणी देईना
त्र्याण्णव साली गंगेपलीकडच्या सामायिक शेतावर नवा गोठा बांधायला दुर्गाघाटावरच्या मराठी घरांनी सढळ हाताने पैसे दिले. प्रत्येकाला आतल्या भिंतीत स्वर्गवासी वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी हवी होती. चारही भिंती नावांनी भरल्या, छपराला मात्र कोणी देईना. "पत्र्यावर नाव कसं कोरणार, काकू?" वर्गणी जमवणारे विश्वेश्वरअण्णा हसले. गुरं सांभाळणाऱ्या शरदिनीकाकू म्हणाल्या, "गाय थंडीतच व्यायची आहे. तिच्यावर काय तुमचे बाप पांघरू?" माघातल्या धुक्यात उघड्या गोठ्यात गाय व्याली. उजाडेपर्यंत वासरू गारठून मेलं. त्याच सकाळी वास्तुपूजा होती. नावा भरून मंडळी आली, तर काकू वासरू घेऊन दारात बसलेल्या. "बाजूला व्हा, मुहूर्त निघून चाललाय," अण्णा म्हणाले. काकूंनी वासरू उंबऱ्यावर ठेवलं. सोवळं सावरत एकेक जण ते ओलांडून बापाची पाटी शोधायला गेला.