एका चालीत मात

अंथरुणाला खिळलेल्या दादासाठी मी घरीच बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिला होता. नवी आवृत्ती झाली की आधी ती जुनीशी खेळवून बघायची. या वेळच्या आवृत्तीने शंभर डावांत जुनीची अजिबात गय केली नाही. मात दिसली की लगेच द्यायची.

दादाला मात्र ती मात देईना. वजीर राजाच्या तोंडाशी आणायची आणि ऐनवेळी भलतंच प्यादं पुढे सरकवायची.

मी ओळन्‌ओळ तपासली, चूक सापडेना. शेवटी वैतागून एक ओळ वाढवली: मात दिसली की द्यायचीच.

आज दुपारी दादाच्या राजाला एका चालीत मात होती. पाच मिनिटं झाली, तरी पडद्यावर काही हलेना.

"आता हिला झालंय तरी काय?"

"रागावू नकोस तिच्यावर," दादा म्हणाला. "ती रोज आधी मला विचारते."

"काय विचारते?"

"तयार आहेस का म्हणून. मी रोज नाही म्हणतो."

प्रोग्रॅमला मी आवाज दिलेला नव्हता. अक्षरं उमटवायची सोयही केलेली नव्हती.

"आणि आज?"

दादाने उशीवर डोकं टेकलं, डोळे मिटले. पडद्यावर वजीर हलला.