तुटक भोंगा

बन्सीलाल शेठनी दुसऱ्यांदा जांभई दिली आणि मगननं टीव्हीचा आवाज वाढवला.

शेठचं जळगावात कॅसेटचं मोठं दुकान होतं. नवा व्हिडिओ-पिक्चर बाजारात आणायचा की नाही, हे त्यांच्या मान हलवण्यावर ठरायचं. तिथल्याच मेहरूण भागात राहणारा, लग्नाचं शूटिंग करून पोट भरणारा मगन वर्षभर त्यांच्या मागे लागला होता. शेवटी कंटाळून शेठ म्हणाले होते, "बायकांना दाखव. एक जरी बाई मधून उठली, तर पिक्चर तुझा तुझ्याकडे."

म्हणून आज दुपारी, बहिणीच्या ओळखीनं, दारूगोळ्याच्या एका कारखान्याच्या कॉलनीतल्या हॉलमध्ये टीव्ही मांडला होता. नवरे ड्युटीवर होते. हॉल बायकांनी भरला होता आणि बायका खुशाल वाती वळत गप्पा मारत होत्या.

पिक्चर होता एका कामगाराचा. दुश्मनानं त्याच्या डब्याच्या पिशवीत बॉम्ब ठेवलेला. तो सायकलवर घराकडे निघालेला. त्याला पत्ता नाही, घरी बायकोला पत्ता नाही. पत्ता फक्त बघणाऱ्याला. मगनची सगळी भिस्त यावरच होती.

दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून त्यानं तो भाग जुळवला होता. एकदा सायकल, एकदा घर. आधी लांब तुकडे, मग आखूड, मग इतके आखूड की पापणी लवायची सोय नाही. तरी मनासारखी धडकी भरेना. शेवटी वैतागून त्यानं संगीतच काढून टाकलं आणि तिथं भोंगा घातला. दिवाळीत बहिणीकडे आला असताना, शिफ्ट सुटल्याचा कारखान्याचा लांबलचक भोंगा त्यानं हौसेनं रेकॉर्ड केला होता. चित्राचे जेवढे तुकडे, तेवढेच त्यानं भोंग्याचे केले. ऐकून त्याच्याच अंगावर काटा आला, तेव्हा कुठं त्याचं समाधान झालं.

आता तो भाग सुरू झाला. सायकल. घर. सायकल. पिशवी. पुढच्या रांगेतली प्रमिलाबाई, म्हणजे मगनची थोरली बहीण, शेजारणीला लोणच्याचं प्रमाण सांगत होती. मग भोंगा वाजला. एकसारखा नाही, थांबत, तुटत, पुन्हा वाजत.

प्रमिलाबाई उठली.

तिच्यामागे शेजारीण बेबाबाई उठली, मग सगळी रांग, मग सगळा हॉल. कुणी ओरडलं नाही. पोरं कडेवर घेतली, चपला तिथंच राहिल्या, वाती पायाखाली गेल्या आणि बघता बघता हॉल रिकामा झाला. शेठ खुर्चीतून उठून टोपी नीट करू लागले. मगननं कॅसेट थांबवली. वर्षभराची मेहनत पाण्यात गेली होती. परक्या बायकांचं सोडा, पण सख्ख्या बहिणीनं सगळ्यांच्या आधी उठावं? जाब विचारायला तो तिच्यामागे धावला.

बायका कारखान्याच्या गेटपाशी अनवाणी उभ्या होत्या. चौकीदार परोपरीनं सांगत होता, "अहो बाई, आत काही झालं नाही. भोंगा वाजलाच नाही!" कुणी हलेना. प्रमिलाबाईनं गेटचा गज इतका घट्ट धरला होता की तिची बोटं पांढरी पडली होती.

"अक्का, काय झालं?"

"लांब वाजना ते शिफ्ट सुटनी," गेटवरची नजर न काढता ती म्हणाली. "तुटक वाजना ते..."

तुटक भोंगा म्हणजे आत अपघात, हे मगनला आत्ता कळलं. लग्न होऊन इथं आल्यापासून अक्का रोज, स्वयंपाक करताना, लोणचं घालताना, या एका आवाजाकडे कान लावून होती. तो कधी आला नव्हता. आज भावानं तो कापून, जोडून तिला ऐकवला होता. मगनला स्वतःची लाज वाटली. त्यानं तिथंच हात जोडले आणि सगळ्यांना खरं काय ते सांगितलं.

बेबाबाईनं त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. चौकीदारानं आत फोन लावला. सगळे सुखरूप होते. कुणी हसलं, कुणी रडलं. पण शिफ्ट सुटायला अजून अवकाश होता, आणि तोवर घरी एकटीनं बसायची कुणाचीच छाती होईना. बायका परत येऊन हॉलमध्ये बसल्या.

शेठना तोवर सगळी हकिगत कळली होती. ते नुसते फुलून गेले होते. "अरे, अख्खा हॉल पळवलास तू! असा पिक्चर मी जन्मात पाहिला नाही. एवढा शेवट होऊ दे, मग पिक्चर घेतलाच समज."

मगननं बटणावर बोट ठेवलं. शेवट त्याला पाठ होता. दारात बायको, अंगणात सायकल आणि मग बॉम्बचा धडाका. त्या धडाक्यासाठी त्यानं काय काय खटपटी केल्या होत्या! बटण काही दाबलं जाईना.

प्रमिलाबाईनं वळून त्याच्याकडे पाहिलं.

"मगन, तो सायकलवाला घर येस ना रे?"

"घर येस, अक्का."

त्यानं कॅसेट मागे फिरवली, पार सुरुवातीपर्यंत. ती खरखरत राहिली. मग टीव्हीवर तो कामगार दिसला. त्यानं सायकल भिंतीला लावली, हातपाय धुतले, चहा मागितला. बायकोनं त्याच्या पुढ्यात कप ठेवला. हॉलमध्ये कुणीतरी मोठ्यानं श्वास सोडला.

"अरे, हा तर पहिला सीन!" शेठ ओरडले. "शेवट लाव, शेवट!"

"शेठ," मगन म्हणाला, "आता हाच शेवट."